नॉब तुमच्यापाशी, गाडी माझ्यापाशी

१२ जानेवारी २०२५, रविवार. मनीषनगर

नाही देणार, बाबा. सही नाही करणार, गाडी नाही देणार, आणि प्रशिक तुम्ही ठरवलं तसा सोळा फेब्रुवारीले गाडी न्यायले दारात येऊन उभा राहिला तर त्याले चहा देईन, किल्ली नाही.

फोनवर तुम्ही "हॅलो, हॅलो, आवाज कटून राहिला" म्हणता आणि ठेवून देता. खाप्याले टॉवर आहे. मोठेबाबाचा प्रशिक त्याच घरी बसून दिवसभर रील पाहाते, त्याचं नाही काही कटत. म्हणून कागदावर लिहून राहिली. कागद फाडता येते, पण त्याच्यासाठी पहिले हातात घ्यावा लागते.

गाडीच्या गिअरचा नॉब तुम्ही नेला. एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस पोरीसोबत भांडला. घर सोडलं, ठीक. भावाकडं खाप्याले गेला, ठीक. पण जाता जाता पार्किंगमध्ये उतरून गाडीचा नॉब फिरवून फिरवून काढला आणि रुमालात गुंडाळून बॅगेत टाकला, हे मी कोणाले सांगू? आई गॅलरीतून पाहून राहिली होती. तिले वाटलं, तुम्ही गाडीले शेवटचा हात लावायले गेले. पदर लावला तिनं डोळ्याले. नंतर मी खाली गेली तर दांड्याच्या टोकावर नुसते आटे.

चोर बॅटरी नेते, स्टेपनी नेते. नॉब नेणारे तुम्ही पहिले.

आणि तो फॉर्म. गाडी प्रशिकच्या नावावर करायचा. माझ्या सहीच्या जागी पेन्सिलनं फुली मारून पाठवला, म्हणजे पोट्टी चुकायले नको. ही सेकंडहँड गाडी माझ्या नावावर तुम्हीच घेतली होती, माझं एमएस्सी झालं तेव्हा. म्हणाले होते, "घरात एक तरी कागद पोट्टीच्या नावाचा पाहिजे." आता तोच कागद पोट्टीनं वापस करायचा. काहून? तर पोट्टीनं गाडी ठोकली.

पोट्टीनं ठोकली. आत्या म्हणते, मोठेबाबा म्हणते, इथला वॉचमनही म्हणते. हे वाक्य मी तसंच ठेवून राहिली. तुम्ही ते दोनदा वाचा, मग पुढं जा.

तुम्हाले माहीत आहे मी काय काम करते. नरखेड तालुक्यातल्या संत्र्या-मोसंबीच्या बागा फिरायच्या, मातीचे आणि विहिरीच्या पाण्याचे नमुने घ्यायचे, लॅबमध्ये आणून द्यायचे. ऑक्टोबरपासून हे सगळं एसटीनं चालू आहे. मांडीवर मातीच्या अकरा थैल्या. परवा कंडक्टर म्हणते, "मॅडम, गावची माती रोज थोडी थोडी कुठं नेऊन राहिल्या?" साहेबांनी सांगून टाकलं आहे, सतरा फेब्रुवारीपासून स्वतःची गाडी नसेल तर गावं दुसऱ्याले, मी लॅबमध्ये, काचेच्या नळ्या धुवायले.

म्हणजे तुमची तारीख सोळा, साहेबांची सतरा. माझी त्याच्या आधीची.

मयुरा

१९ जानेवारी, रविवार

उत्तर नाही आलं. यायचं नव्हतंच. पण प्रशिकनं मेसेज केला, "काका तुझं पत्र घेऊन नदीवर गेले, दोन तासानं आले, जेवले नाही." म्हणजे वाचलं. जेवत जा.

तुमचा नॉब परत नका पाठवू. मी दुसरा पाहायले निघाली.

आईनं दांड्याच्या टोकाले फडकं गुंडाळून वरून रबर लावून दिलं आहे. गिअरले ताप आल्यासारखा दिसते. तशीच गाडी हळूहळू बेलतरोडी रोडले अंकुशच्या गॅरेजमध्ये नेली. अंकुश माझ्या वर्गातला, दहावीले माझ्या मागच्या बाकावर बसायचा, तोच. त्यानं फडक्याकडं पाहिलं.

"हे काय आहे बे?"

"बाबानं नॉब नेला."

"काहून?"

"आठवण म्हणून."

तो हसला नाही. म्हणाला, "तुले नॉब पाहिजे का शिफ्टर पाहिजे ते सांग. नॉब म्हणजे वरचा गोळा. शिफ्टर म्हणजे अख्खा दांडा, खालच्या बैठकीसकट. नॉब बदलला तर फोटो बदलन. शिफ्टर बदलला तर गाडी बदलन."

मी म्हटलं, पहिले फोटो पाहू. सदरले एका दुकानात गेली. बाबा, तुम्ही असते तर तिथंच खाली बसले असते. कवटीचा नॉब. फुटबॉलचा नॉब. काचेचा नॉब, आतमध्ये बुडबुडे आणि निळा लाइट. तलवारीच्या मुठीचा नॉब, तो तर चौथ्यात टाकला की सीटमध्ये घुसन. दुकानदार विचारते, "भैया की गाडी कौनसी है?" मी म्हटलं, "भैया नहीं है. मेरी गाडी का दिखाओ." त्यानं गुलाबी काढला.

मी एक एक हातात घेऊन पाहिला, डोळे बंद करून. सगळे वरून पाहायले बनवलेले. हातानं धरायचं कोणाच्या ध्यानातच नाही.

आता ऑक्टोबरात मोडलेल्या डाव्या मनगटाचं लिहिते, नाहीतर तुम्हाले वाटन मी लपवून राहिली. आतमध्ये पट्टी आणि पाच स्क्रू आहे. पुढं ढकलायले त्रास नाही. पहिला पडते, तिसरा पडते, पाचवा पडते. मागं ओढलं की, म्हणजे दुसरा आणि चौथा, आतून कोणी पकडीनं आवळल्यासारखं होते. डॉक्टर म्हणते, चालवू शकते, जोर नको. तुम्ही म्हणता, ऑटोमॅटिक घे.

ऑटोमॅटिक वाईट नाही. आईले शिकवीन तेव्हा तेच घेईन. पण आज मी ही गाडी सोडून ऑटोमॅटिक घेतली तर लोकाइच्या तोंडचं ते वाक्य पक्कं होते. पोट्टीनं ठोकली, पोट्टीले जमलं नाही. त्या वाक्यावर माझी सही नाही पाहिजे मले. फॉर्मवर नको तशी तिथंही नको.

अंकुशनं मोबाइलवर एक शिफ्टर दाखवला. काळा, ठेंगणा, ऑनलाइन मिळणारा. याच्यात दांडा बुटका असते आणि टेकू वर सरकवलेला असते, म्हणून हात थोडासाच हलवा लागते. रेसिंगवाले पोट्टे हाच टाकते म्हणे. "एवढूसं केलं का गिअर पडला," अंकुश म्हणाला आणि चिमटीनं हवेत दाखवलं. हात कमी हलला तर मनगट कमी दुखन, असा मी हिशेब लावला. मागवला.

मयुरा

२७ जानेवारी, सोमवार

आज बाबा, बसून वाचा. नदीवर गेले तर दगडावर बसून वाचा.

शनिवारी अंकुशनं जुना शिफ्टर खोलायले घेतला. त्याच्या आधी गाडी लिफ्टवर घेतली, तो खाली गेला, मी आत बसली. खालून ओरडला, "मयुरा, चौथा टाक." टाकला. "परत टाक." टाकला. मग खाली टॉर्च फिरवत राहिला.

"काय झालं?"

"दहा वेळा टाक. पाचव्यातून चौथा. मी मोजतो."

दहा वेळा टाकला. तो बाहेर आला, कपाळावर ग्रीस. म्हणते, "तीन वेळा दुसऱ्यात गेला. तुले वरून चौथाच वाटला असन."

दांड्याच्या बुडाशी प्लास्टिकचा पांढरा बुश असते, नखाएवढा. तो दांड्याले मधल्या रांगेत धरून ठेवते. आमच्या गाडीतला अर्धा तुटून गेलेला. कधीचा, देव जाणे असं आई म्हणन, मी म्हणते गाडी घेतली तेव्हापासूनचा. हळू टाकला तर दांडा बरोबर जाते. खांद्यातून हिसका देऊन ओढला तर घसरून डावीकडं, दुसऱ्यात.

हिसका कोण देते बाबा? मी नाही देत. मी तर बोटानं टाकायची, तुम्ही चिडवायचे, "गिअर टाकून राहिली का रांगोळी?" हिसका एसटीवाला देते. बसच्या दांड्याले तेवढा लागते म्हणून.

आता लिहिते. चार महिने झाले, कुठंच लिहिलं नाही.

ऑक्टोबरात नरखेडहून येताना काटोलच्या अलीकडं गाडी तुम्ही चालवून राहिले होते. मी डाव्या सीटवर होती, मांडीवर थैल्या. पुढं ट्रक होता, तुम्ही ओव्हरटेकसाठी पाचव्यातून चौथा टाकला आणि क्लच सोडला. इंजिन किंचाळलं. पुढची चाकं धरली गेली आणि गाडी रेतीवरून घसरत मोरीच्या भिंतीवर गेली, माझ्या बाजूनं. मी हात पुढं केला होता. तुम्हाले खरचटलंही नाही.

काटोलच्या दवाखान्यात आई आली, मोठेबाबा आले, प्रशिक आला. मोठेबाबांनी विचारलं, "कोण चालवून राहिलं होतं?" तुम्ही माझ्या खाटेजवळ पाण्याचा गिलास घेऊन उभे. गिलासातलं पाणी हलून राहिलं होतं. मले तुमचा तो बिल्ला आठवला, पंचवीस वर्षं विनाअपघात सेवेचा, जो तुम्ही दर चौदा एप्रिलले पांढऱ्या शर्टावर लावता आणि आई दात घासायच्या पावडरनं चमकावते. मी म्हटलं, "मी."

कोणी सांगितलं नव्हतं मले. तुम्ही तर डोळ्यानंही खुणावलं नाही. मीच म्हटलं. मले वाटलं एका दिवसाचं आहे. माणूस जरा सावरला की स्वतःच सांगन.

दुसऱ्या दिवशी तुम्ही काही बोलले नाही. दिवाळीपर्यंत तुम्ही म्हणायले लागले, "पोरींच्या हातात हायवेले गाडी द्यायले नाही पाहिजे होती." मी तुमच्या तोंडाकडं पाहायची. तुम्ही खरंच तसं मानून राहिले होते. आणि एक जानेवारीले सगळे जमलेले असताना मी म्हटलं की आता प्लास्टर निघालं, मी गाडी सुरू करते, तर तुम्ही सगळ्याइच्या समोर म्हणाले, "एकदा ठोकली ते पुरे झालं."

मी स्वयंपाकघरात येऊन तुम्हाले हळूच विचारलं, "खरं सांगू का सगळ्याइले?" बस, एवढंच. त्याच्यावर तुम्ही घर सोडलं.

घर सोडेपर्यंत दर रविवारी विहारात पंचशील तुम्ही म्हणवून घ्यायचे. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं, की आईच्या बाजूला बसून मी नुसते ओठ हलवायची. आवाज नाही काढायची. ऑक्टोबरपासून. तुमचा आवाज मात्र तेवढाच खणखणीत यायचा, आणि मी विचार करायची, या माणसाले हे कसं जमून राहिलं. मले नाही जमत.

बुश मी ठेवला आहे, डबीत. तुमचा गिअर चुकला त्याचं कारण तो आहे. तुम्ही म्हातारे झाले म्हणून नाही, तुमचा हात गेला म्हणून नाही. कोणाच्याही हातून चुकला असता. हे मी तुमच्यासाठी लिहून राहिली, नीट ऐका.

पण गिअर बुशनं चुकवला. खोटं बुशनं नाही बोललं. ते मी बोलली आणि तुम्ही पाळलं.

मयुरा

५ फेब्रुवारी

हसा. माझं चुकलं, हसून घ्या.

तो ठेंगणा शिफ्टर बसला. दिसायले बम भारी. पहिल्या दिवशी कॉलनीत दोन चकरा मारल्या, प्रत्येक गिअर कडक, छोटासा, खट्. अंकुश खूष. दुसऱ्या दिवशी मनीषनगरच्या पुलावर चढली, संध्याकाळची गर्दी, मधोमध थांबली. पहिला टाकून निघाली, दुसरा ओढला. नाही आला. दांडा छोटा झाला की हात कमी हलते, पण जोर दुप्पट लागते, हे ना अंकुश बोलला ना मी विचारलं. मनगटातून कळ निघाली ती कोपरापर्यंत. गाडी बंद पडली. मागं सतरा हॉर्न. स्कूटीवरचा एक माणूस काचेजवळ थांबून म्हणते, "मॅडम, घरी कोणी जेन्ट्स नाही का?"

मी काच खाली केली. म्हटलं, "आहे. त्यानं नॉब नेला."

तो विचार करत करत गेला. मी उजवा हात आडवा नेऊन दुसरा टाकला आणि पूल उतरली. खाली आल्यावर गाडी बाजूला लावून किती वेळ बसली ते नाही सांगत.

घरी प्रशिकचा फोन. तो वाईट नाही, बाबा, उगाच त्याले मधात ओढलं तुम्ही. म्हणते, "मयू, हात दुखत असन तर देऊन टाक ना गाडी. मी तुले शनिवार-रविवारी फिरवत जाईन." मी म्हटलं, "प्रशिक, तू साठवर तिसऱ्यात चालवतो. गाडी रडते." तो म्हणते, "रडू दे, पोहोचते ना."

रात्रभर नाही, पण बराच वेळ विचार केला, आणि तुम्हीच आठवले. तुमच्यावर राग असताना तुम्ही आठवले याचाही राग आला.

मी सात-आठ वर्षांची असन. सुट्ट्यांमध्ये सावनेर-खापा फेरीले तुम्ही मले न्यायचे, इंजिनाच्या झाकणावर घोंगडी टाकून बसवायचे. गरम लागायचं. मी तुमच्या हाताकडं पाहात राहायची. बसचा दांडा माझ्या डोक्याएवढा उंच, आणि तुमचं मनगट कधी वाकलंच नाही. तळवा वरून ठेवायचा, बोटं सैल, आणि अख्खा हात खांद्यापासून मागं यायचा, दार लावल्यासारखा. मी विचारलं होतं, हात दुखत नाही का. तुम्ही म्हणाले, "मनगटाले झोपू दे. काम खांद्याले दे." आणि गिअर खरखरला तर मोठेबाबाचं नाव घेऊन स्वतःलेच म्हणायचे, "वरणभात नाही हा धोंडबाच्या भावा, कालवू नको."

लांब दांडा. हात जास्त हलते, पण जोर लागत नाही. सगळं जग दांडा कापून राहिलं आणि माझ्या हाताले वाढवलेला पाहिजे.

सकाळी अंकुशले सांगितलं. तो म्हणते, "भैताड आहे का? टेम्पो बनवायचा आहे का गाडीचा?"

मी म्हटलं, "एसटी."

मयुरा

१५ फेब्रुवारी, शनिवार

दोन गोष्टी झाल्या. पहिले दांड्याची सांगते, कारण ती सोपी आहे.

असा दांडा विकत कुठंच मिळत नाही. अंकुशनं मले रामाजीकडं नेलं. लेथवाले आहे, पासष्टच्या वर वय, एका कानानं ऐकते. मी समजावून सांगितलं, मनगट दाखवलं. ते म्हणाले, "बाई, तोंडानं नाप नाही होत. झाडू आण."

झाडूचा दांडा कापून गिअरच्या दांड्याले तारेनं बांधला. मी सीटवर बसली, रामाजी बाजूला पट्टी घेऊन. एक बोट उंच. दोन बोटं उंच. पाच बोटं उंच केला तर तिसऱ्यात टाकताना रेडिओवर जाऊन आदळला. म्हणून मधात वाक दिला, माझ्याकडं आणि थोडा मागं. मग दुसऱ्यात मांडीले लागायले लागला, म्हणून वाक कमी केला. अख्खी दुपार झाडूवर गेली. रामाजी एकदाच बोलले, "कोणी शिकवलं हे, खांद्यानं टाकायचं?" मी म्हटलं, "एसटीत होते बाबा." "होते?" "आहे. खाप्याले."

लोखंड त्यांनी दुसऱ्या दिवशी वाकवलं. वर सागवानाचा नॉब, लेथवर फिरवून काढलेला, गोळा नाही, उपड्या वाटीसारखा चपटा. पूर्ण तळवा वरून बसते, बोटं सैल राहते. बुडाशी पितळेचा बुश. प्लास्टिकचा नको म्हटलं मी. अंकुश खाली गेला, मी वरून वीस वेळा चौथा टाकला. वीसच्या वीस. मुद्दाम हिसका देऊनही टाकला.

दिसायले कसा आहे? कुरूप. अंकुश म्हणते, सदरवाल्या दुकानदाराले दाखवू नको, अटॅक येईन त्याले. ठेंगणा शिफ्टर त्यालेच देऊन टाकला, त्याच्या हाताले चालते तो.

आता दुसरी गोष्ट. गुरुवारी आईले सांगितलं.

ती तांदूळ निवडून राहिली होती. मी समोर बसली आणि सगळं एका दमात बोलली. गाडी कोण चालवून राहिलं होतं, दवाखान्यात काय झालं, बुश, सगळं. ती निवडतच राहिली. मग ताट बाजूला ठेवलं.

"मंग मी चार महिने तुले इतकं बोलली वं. ते आता कोणाले बोलू?"

मी म्हटलं, "कोणाले नको बोलू."

"असं कसं? बोललेलं वाया जाते का?" ताट परत पुढं ओढलं. "तू काहून म्हटलं मी म्हणून?"

"बाबाच्या हातातला गिलास हलून राहिला होता."

"त्याचा गिलास हलला म्हणून तू आपलं नाव बुडवलं?" ती उठली, आत गेली, तुमचा बिल्ला घेऊन आली. मले वाटलं फेकते. तिनं तो कपाटात होता तिथंच, पण उपडा ठेवला. "या एप्रिलले त्यालेच घासू दे," म्हणाली.

मग चप्पल घातली आणि म्हणाली, "चाल, पुलावर चाल."

गेलो. संध्याकाळच्या गर्दीतच गेलो. पुलाच्या मधात थांबावं लागलं. पहिला, मग तळवा वरून ठेवला आणि खांद्यानं दुसरा. दार लावल्यासारखा आला. आई समोरच पाहात होती. उतरल्यावर म्हणाली, "इतकं सोपं होतं तर तो नॉब घेऊन काहून पळाला?"

मी नाही सांगितलं. तुम्ही सांगा.

अंकुशलेही खरं सांगितलं, रामाजीलेही. तिघं झाले. चौथं माणूस माझ्याकडून होणार नाही. मोठेबाबाले मी नाही सांगणार, आत्याले नाही सांगणार, विहारात तर अजिबात नाही. मी घाबरते म्हणून नाही. माझ्या वाट्याचं मी फेडलं, बाकीचं तुमचं आहे.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. उद्या सोळा आहे. प्रशिकले फोन करून सांगितलं, तू येऊ नको, मीच येऊन राहिली.

मयुरा

१६ फेब्रुवारी, रविवार. खापा, तुमच्या दारासमोर

फॉर्मच्या मागच्या बाजूनं लिहून राहिली, माझ्यापाशी दुसरा कागद नाही. समोरच्या बाजूले तुमची पेन्सिलची फुली तशीच आहे. सही नाही.

मनीषनगरपासून इथवर एकदाही उजवा हात आडवा नाही न्यावा लागला. सावनेरच्या अलीकडं ऊस भरलेली ट्रॉली होती, पाचव्यातून चौथा टाकून ओव्हरटेक केली. सांगायची गरज नव्हती, पण सांगितलं. मनगट झोपलेलं आहे.

मोठेबाबा आणि प्रशिक घरी नाही, दाराले नुसती कडी. मी ओसरीत आली होती. खिडकीत तुमचा चष्मा, माझी चार पत्रं घडी घालून, आणि त्याच्यावर नॉब. वजन म्हणून ठेवला का, की पत्रं उडू नये? हातात घेतला होता मी. तुमच्या हाताचा आहे अजून, एका बाजूनं घासलेला. वापस तिथंच ठेवला. तुमच्यापाशीच राहू द्या. माझ्या दांड्याचे आटे मोठे आहे आता, त्याले तो बसत नाही.

त्याच्या बाजूला पांढरी डबी ठेवली आहे. आतमध्ये तुटलेला बुश आहे. तो तुमचा. मोठेबाबाले सांगाल तेव्हा दाखवायले कामी पडन. नाही सांगायचं तर फेका कन्हान नदीत, पण मग रोज तिथं जाऊन बसू नका.

कालचं पत्रही याच्यासोबत आहे, ते पहिले वाचा. आईनं दशम्या दिल्या आहे, फडक्यात. ती अजून बोलणार आहे तुमच्यासोबत, चार महिन्याचं शिल्लक आहे तिचं. पुढच्या रविवारी एसटीनं येईन म्हणाली. तिले माझ्या गाडीत नाही यायचं, तुम्ही स्टँडवर घ्यायले आले पाहिजे म्हणून.

उद्या नरखेडले पाच बागा आहे माझ्या. सकाळी सहाले निघीन.

न्हाणीघरातून तुमच्या बादलीचा आवाज येऊन राहिला. गाडी आली ते तुम्हाले कळलं असन, तुम्हाले तर दोन गल्ल्या पलीकडच्या गाडीचाही गिअर ऐकू येते. पण ही गाडी ओळखू नाही आली असन. आवाज बदलला तिचा.

पाणी बंद झालं.

मी थांबली तर तुम्ही काहीतरी बोलाल, आणि मी ऐकून घेईन, आणि मग आपण दोघं दशम्या खाऊ आणि सगळं परत ऑक्टोबरसारखं होईन. म्हणून नाही थांबत. जय भीम, बाबा.

टॉवेल गुंडाळून बाहेर याल तेव्हा मी वळणावर असन. ओसरीत उभे राहा आणि ऐका. पहिला आणि दुसरा तुमच्या गल्लीत पडन. तिसरा वळणावर. चौथा नदीच्या रस्त्यावर पडन, तिथून इथवर आवाज येते. खरखरला तर मागं या, गाडी घेऊन जा.